फोन लागला, पुढे काय?

मातामृत्यूंविषयी लिहायचे म्हटले की सुरुवातीला एक मोठा आकडा द्यावा लागतो, म्हणून तो देऊन टाकते. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ साली गरोदरपणाशी आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया मरण पावल्या, आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कमी व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. २००० सालापासून मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३२८ वरून १९७ पर्यंत उतरले हे खरे. पण २०३० पर्यंत ते ७० च्या खाली आणण्याचे जे उद्दिष्ट जगाने ठरवून घेतले आहे, त्यापासून आपण अजून फार दूर आहोत.

मला मात्र या विषयात अधिक बोलके वाटतात ते तासांचे आकडे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर मृत्यू यायला सरासरी २ तास लागतात, असा एक जुना आणि अजूनही वापरला जाणारा ढोबळ अंदाज आहे. प्रसूतीपूर्वीच्या रक्तस्रावात हा अवधी सुमारे १२ तासांचा, गर्भाशय फाटल्यास एका दिवसाचा, रक्तदाब वाढून झटके येऊ लागल्यास दोन दिवसांचा आणि जंतुदोषात सहा दिवसांचा मानला जातो. मोबाइल फोनने ग्रामीण भागातल्या गरोदर स्त्रीचे नेमके काय भले होऊ शकते, हे तपासण्यासाठी याहून चांगली पट्टी मला सापडलेली नाही. एखादी योजना या तासांपैकी किती वाचवते आणि कुठे वाचवते, एवढेच विचारले तर पुष्कळशी चमकदार सादरीकरणे गळून पडतात.

हे तास कुठे जातात याची मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली केली आणि ती आजही या क्षेत्रातली बाराखडी मानली जाते. पहिला विलंब घरात होतो: धोका ओळखण्यात आणि दवाखान्यात जायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेवर होतो: वाहन, पैसे, अंतर, रस्ता आणि पाऊस यांत. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर होतो: डॉक्टर नाही, रक्त नाही, औषध संपले आहे, शस्त्रक्रियागृहाला कुलूप आहे. तिन्ही विलंब सर्वत्र असतात, पण खेड्यात ते एकमेकांवर चढतात. वाटेत सहा तास जाणार आणि पोहोचल्यावर कुणी असेलच याची खात्री नाही, हे ठाऊक असलेले कुटुंब निघण्याचा निर्णयच लांबणीवर टाकते, आणि मग बाहेरच्या माणसाला तो अज्ञानाचा किंवा अंधश्रद्धेचा परिणाम वाटतो. वास्तविक तो बऱ्याचदा अनुभवातून आलेला हिशेब असतो.

मोबाइल-आरोग्याच्या, म्हणजे आरोग्यसेवेसाठी मोबाइल वापरण्याच्या, पहिल्या दशकाने जवळजवळ सगळी शक्ती पहिल्या विलंबावर खर्च केली. कारण उघड होते. संदेश पाठवणे स्वस्त होते, मोजायला सोपे होते आणि त्यासाठी एकही नवी परिचारिका नेमावी लागत नव्हती. गरोदरपणाचा कितवा आठवडा आहे त्यानुसार ठरलेला मजकूर किंवा ध्वनिमुद्रित आवाज आपोआप जातो. लोहाच्या गोळ्या, तपासणीची तारीख, धोक्याची लक्षणे, स्तनपान असे विषय त्यात येतात. भारतातली ‘किलकारी’ ही याच जातीची, जगातल्या सर्वांत मोठ्या सेवांपैकी एक आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ७२ ध्वनिसंदेश ती देते. आवाज वापरण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, कारण लिखित संदेश वाचता न येणाऱ्या स्त्रीसाठी तो केवळ एक टुणकन आवाज असतो.

पण या सेवेचे मध्य प्रदेशात २०१८ ते २०२० या काळात सुमारे ५,००० स्त्रियांना घेऊन जे काटेकोर मूल्यमापन झाले, त्याचे निष्कर्ष नम्र करणारे आहेत. बाळाला फक्त आईचेच दूध देण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आधुनिक, तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर मात्र थोडा वाढला. याचा अर्थ सेवा वाया गेली असा मी लावत नाही. दर माणशी अत्यल्प खर्चात लाखोंपर्यंत पोहोचणाऱ्या गोष्टीने थोडासा बदल केला तरी एकूण परिणाम मोठा होऊ शकतो. परंतु संदेश पाठवला म्हणजे वर्तन बदलले, आणि वर्तन बदलले म्हणजे जीव वाचला, ही जी साखळी प्रकल्प-प्रस्तावांत गृहीत धरलेली असते, तिच्या प्रत्येक कडीत गळती आहे. फोन बंद असतो. नंबर बदललेला असतो. फोन उचलला जातो आणि अर्ध्या मिनिटात ठेवला जातो. संदेश पूर्ण ऐकला जातो, पण ऐकणारा नवरा असतो आणि तो संध्याकाळी बायकोला सांगायला विसरतो.

फोन कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न इथे तांत्रिक राहत नाही. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए दरवर्षी जो अहवाल काढते, त्यानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोबाइलवर इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे १५ टक्क्यांनी कमी आहे, आणि दक्षिण आशियात ही दरी त्याच्या दुप्पट आहे. घरात स्मार्टफोन आहे असे सर्वेक्षणात नोंदले जाते तेव्हा तो दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. बांगलादेशातल्या ‘आपनजन’ या सेवेने ही वस्तुस्थिती मान्य करून नवरा, सासू अशा घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसांसाठीही वेगळे संदेश तयार केले. काहींना हे पितृसत्तेपुढे मान तुकवणे वाटते. मला ते व्यवहारज्ञान वाटते, कारण रात्री दोन वाजता गाडी बोलवायची की सकाळपर्यंत थांबायचे हे ठरवणारी व्यक्ती धोक्याची लक्षणे ओळखणारी असणे जास्त महत्त्वाचे आहे. अर्थात त्याच सेवेत स्त्रीला एकटीला हवी असलेली माहिती कुणाच्या कानावर पडते याचाही विचार हवा, आणि तो क्वचितच झालेला असतो.

आता ज्या अभ्यासाने मला या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले, त्याकडे येते. झांझिबारमध्ये ‘वायर्ड मदर्स’ नावाचा प्रयोग झाला. २४ आरोग्यकेंद्रे, अडीच हजारांहून थोड्या अधिक गरोदर स्त्रिया. निम्म्या केंद्रांतल्या स्त्रियांना लिखित संदेश मिळाले आणि आरोग्यसेविकेला फोन करता यावा म्हणून रीचार्जही मिळाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून प्रसूती होण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांच्या तुलनेत ६० टक्के दिसले. हा आकडा पुढे कित्येक सादरीकरणांत फिरला. मात्र त्याच निबंधात पुढचे वाक्य आहे, आणि ते फारसे फिरले नाही: ही वाढ शहरी स्त्रियांमध्ये होती, ग्रामीण स्त्रियांपर्यंत तिचा परिणाम पोहोचला नाही.

या एका ओळीत पुष्कळ काही आहे. शहरातल्या स्त्रीपासून रुग्णालय जवळ होते, वाहन मिळत होते, त्यामुळे तिच्या बाबतीत उणीव होती ती आठवणीची, माहितीची आणि थोड्या धीराची. तेवढे फोनने पुरवले आणि ती पोहोचली. खेड्यातल्या स्त्रीला तोच संदेश मिळाला, कदाचित तिने तो अधिक गांभीर्याने घेतला, पण तिच्या आणि प्रसूतिगृहाच्या मध्ये असलेले अंतर संदेशाने कमी झाले नाही. ग्रामीण भागासाठी म्हणून आखलेल्या योजनांचा लाभ शहराच्या कडेला राहणाऱ्यांना जास्त होतो, हे इतर क्षेत्रांतही दिसते. तंत्रज्ञानाच्या बाबतीत ते अधिक सफाईने लपते, कारण सरासरी चांगली दिसत राहते. म्हणून अशा कुठल्याही प्रकल्पाचा अहवाल हातात आला की मी आधी तो तक्ता शोधते, ज्यात अंतरानुसार आकडे वेगळे केलेले असतात. बहुधा तो तक्ता नसतोच.

मग ग्रामीण स्त्रीसाठी फोनचा खरा उपयोग कुठे आहे? माझ्या मते दुसऱ्या विलंबात, म्हणजे वाटेवर. आणि तिथे फोनचे सर्वांत प्रभावी काम माहिती देण्याचे नसून पैसे पोहोचवण्याचे आणि गाडी बोलावण्याचे आहे.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण टांझानियातले आहे. अडलेल्या प्रसूतीत बाळाचे डोके दीर्घकाळ दाबून राहिल्याने मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते, लघवीवर ताबा राहत नाही आणि ती स्त्री घरात आणि गावात वाळीत पडल्यासारखी जगते. प्रसूतीजन्य फिस्टुला म्हणतात तो हाच. दार-ए-सलाममधल्या सीसीबीआरटी रुग्णालयात यावरची शस्त्रक्रिया मोफत होती, तरी स्त्रिया येत नव्हत्या, कारण शेकडो किलोमीटरचे बसभाडे त्यांच्याकडे नव्हते. २००९ पासून रुग्णालयाने एक साधी गोष्ट केली. ठिकठिकाणी ओळखीचे मध्यस्थ नेमले. अशी स्त्री सापडली की मध्यस्थ रुग्णालयाला कळवतो, रुग्णालय त्याच्या फोनवर एम-पेसा या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेतून प्रवासाचे पैसे पाठवते, तो तिकीट काढून तिला बसमध्ये बसवतो, आणि ती पोहोचली की त्यालाही छोटासा मोबदला मिळतो. येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. यात स्मार्टफोन नाही, ॲप नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. मोफत उपचार आणि रुग्ण यांच्या मध्ये बसभाडे उभे होते हे कुणीतरी ओळखले आणि ते भाडे काही मिनिटांत, अगदी दूरच्या गावात, विश्वासू हाती पोहोचवण्याचा मार्ग फोनने दिला, इतकेच.

त्याच देशात पुढे ‘एम-मामा’ या व्यवस्थेने हाच विचार तातडीच्या बाळंतपणासाठी वापरला. गावातून किंवा लहान आरोग्यकेंद्रातून ११५ या मोफत क्रमांकावर फोन येतो. समन्वय केंद्रातली व्यक्ती ठरावीक प्रश्न विचारून प्रकरण किती गंभीर आहे आणि कोणत्या रुग्णालयात न्यायला हवे हे संगणकाच्या मदतीने ठरवते. रुग्णवाहिका जवळ असेल तर ती निघते. नसेल, आणि दुर्गम भागात ती बहुधा नसतेच, तर आधी नोंदणी करून ठेवलेल्या स्थानिक वाहनचालकांपैकी सर्वांत जवळच्याला फोन जातो. तो स्त्रीला घेऊन पोहोचला की त्याचे भाडे मोबाइलवरून त्याच्या खात्यात जमा होते. रुग्णालयाला आधीच कळवलेले असते. टांझानियाच्या वायव्य भागातल्या काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही व्यवस्था पुढे देशव्यापी झाली आणि लेसोथोनेही ती घेतली.

मला यात शहाणपण दिसते ते असे की ही व्यवस्था नसलेल्या रुग्णवाहिकेची वाट पाहत नाही. ग्रामीण भागात वाहने असतात. कुणाची जीप, कुणाचा टेंपो, कुणाची रिक्षा. रात्री निघायला चालक तयार नसतो, कारण भाडे मिळेल याची खात्री नसते, आणि कुटुंबाकडे हातात पैसे नसतात, म्हणून उसनवारी करण्यात तासच्या तास जातात. दोघांच्या मधला हा अविश्वास फोनने बाजूला काढला: चालकाला पैसे देणारा तिसराच कुणीतरी आहे आणि तो नक्की देतो. अर्थात यासाठी दर महिन्याला खरा पैसा लागतो. सॉफ्टवेअरचा खर्च एकदा होतो, भाड्याचा कधीच संपत नाही. आणि देणगीदारांना पहिल्या प्रकारचा खर्च करायला जास्त आवडते.

आरोग्य कार्यकर्तीच्या हातातला फोन हा आणखी एक मोठा विषय आहे. गावातल्या सेविकेला फोन किंवा टॅब द्यायचा, त्यात गरोदर स्त्रियांची नोंद, तपासणीचे वेळापत्रक, अतिजोखमीची लक्षणे विचारणारी प्रश्नावली आणि पुढे कुठे पाठवायचे याचा सल्ला, असे सगळे घालायचे, ही कल्पना ऐकायला निर्दोष वाटते. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान आठ वेळा तपासणी किंवा भेट व्हावी असे सांगते. त्या आठ भेटी कागदी वहीत सांभाळणे सोपे नाही आणि तिथे फोनची मदत होतेच. पण अनुभव संमिश्र आहे. ‘क्लिप’ या नावाने भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक या तीन देशांत एक मोठी चाचणी झाली. गावपातळीवरील कार्यकर्त्या घरी जाऊन रक्तदाब मोजत, मोबाइलवरील ॲप धोक्याचा अंदाज सांगे, आणि गरज पडल्यास प्राथमिक औषध देऊन स्त्रीला रुग्णालयात पाठवले जाई. २०२० साली एकत्रित निष्कर्ष आले, तेव्हा माता आणि नवजात बालके यांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत एकूण घट दिसली नाही. ज्या स्त्रियांना अशा आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्यात परिस्थिती बरी आढळली. म्हणजे ॲपने धोका ओळखला तरी भेटी पुरेशा झाल्या नाहीत आणि पुढे रुग्णालयात पाठवण्याची सोय होती तशीच राहिली, तर निदान अचूक असूनही हाती काही लागत नाही, असे मला यातून दिसते.

कार्यकर्तीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक अडचण आहे, जी अहवालांत एखाद्या ओळीत उरकली जाते. फोन आला म्हणून रजिस्टर गेले असे बहुतेक ठिकाणी होत नाही. ती दिवसा वहीत लिहिते आणि रात्री तेच फोनमध्ये भरते, कारण वरिष्ठांना दोन्ही हवे असते. रेंज नसेल तर डोंगराच्या टोकावर किंवा मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन माहिती पाठवायची, फोन बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा हा वाद, आणि माहिती वेळेत भरली नाही म्हणून बोलणी. फोन देताना तो सेविकेच्या मदतीसाठी आहे असे सांगितले जाते. काही महिन्यांत तो तिच्यावर नजर ठेवण्याचे साधन होतो. तिने भरलेल्या माहितीतून तिला काय परत मिळते, हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे येते. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीची नोंद तिने केली आणि अर्ध्या तासात वरच्या केंद्रातून डॉक्टरांचा फोन आला, असे दोनदा जरी घडले, तरी ती नोंदी मनापासून करू लागेल. त्यासाठी वेगळ्या प्रोत्साहन-भत्त्याची गरज पडणार नाही.

उपकरणांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी विकसित केलेला ‘क्रेडल’ हा रक्तदाबमापक वाहतुकीच्या दिव्यांसारखे हिरवे, पिवळे आणि लाल दिवे दाखवतो, त्यामुळे आकड्यांचा अर्थ लावण्याचे फारसे प्रशिक्षण नसलेली कार्यकर्तीही काय करायचे ते ओळखू शकते. तो कशावर चार्ज होतो? साध्या मोबाइलच्या चार्जरवर. मोबाइल तंत्रज्ञानाने खेड्यात पोहोचवलेल्या गोष्टींत चार्जर, सौर पट्ट्या आणि फोन दुरुस्त करणारी माणसे हेही आहे, आणि त्याचा फायदा घेणारी साधने मला पडद्यावरच्या नकाशांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतात.

तिसऱ्या विलंबापाशी फोनची ताकद कमी पडते आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. रवांडात २००९ साली मुसान्झे जिल्ह्यात ‘रॅपिड-एसएमएस’ सुरू झाले. गावातली कार्यकर्ती गरोदर स्त्रीची नोंद, धोक्याची लक्षणे आणि तातडीचा इशारा ठरावीक सांकेतिक अक्षरांत साध्या फोनवरून पाठवी, आणि इशारा आला की आरोग्यकेंद्र व रुग्णवाहिका यांना कळे. पुढे ही पद्धत देशभर गेली. नंतरच्या मूल्यमापनातून असे दिसले की ज्या जिल्ह्यांत संदेशव्यवस्थेबरोबर उपकरणे, साहित्य आणि प्रशिक्षण यांचीही भर घातली गेली, तिथे सेवांचा वापर वाढला. नुसती संदेशव्यवस्था पोहोचली तिथे तसा फरक दिसला नाही. रवांडासारख्या शिस्तबद्ध आरोग्ययंत्रणेच्या देशात हे चित्र असेल, तर इतरत्र काय असेल याची कल्पना करता येते.

आणि रुग्णालयाच्या आत जीव वाचवणारी गोष्ट अनेकदा फोनहून पुष्कळ साधी असते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. बाळंतपणानंतर स्त्रीच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर ठेवायची, म्हणजे किती रक्त गेले हे डोळ्यांनी अंदाज न करता मोजता येते. आणि मर्यादा ओलांडली की गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारी औषधे, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी हे सगळे उपाय एकापाठोपाठ एक वाट न बघता एकत्रच सुरू करायचे. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण यामुळे ६० टक्क्यांनी घटले. त्या दोन तासांच्या आकड्याशी ही चादर जितकी थेट भिडते, तितके थेट कुठलेही ॲप भिडत नाही. फोनचे काम स्त्रीला ही चादर असलेल्या खोलीपर्यंत वेळेत आणण्याचे.

तरीही तिसऱ्या विलंबाच्या बाबतीत फोन एक काम करू शकतो आणि ते अनेक देशांत दुर्लक्षित आहे: खालून वर तक्रार नेण्याचे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य विभागाने ऑगस्ट २०१४ मध्ये गरोदर स्त्रिया आणि मातांसाठी ‘मॉमकनेक्ट’ ही मोबाइल सेवा सुरू केली. त्यात नेहमीचे संदेश आहेतच, पण सोबत मदतकक्ष आहे, जिथे स्त्री प्रश्न विचारू शकते आणि मिळालेल्या वागणुकीबद्दल सांगू शकते. सुरुवातीच्या काळात तिथे तक्रारींपेक्षा कौतुकाचेच संदेश कितीतरी अधिक आले, हे मला अनपेक्षित होते. पण ज्या थोड्या तक्रारी आल्या, त्यांतून कुठल्या दवाखान्यात औषध नाही, कुठे अपमान होतो, हे राष्ट्रीय पातळीवर कळू लागले, आणि अशी माहिती एरवी वर जाईपर्यंत गुळगुळीत होऊन जाते. बाळ दगावल्यास नेहमीचे संदेश थांबवून वेगळे, आधार देणारे संदेश घेण्याची सोयही त्या व्यवस्थेत केली गेली. अशी सोय नसलेल्या सेवांत काय होत असेल याचा विचार करवत नाही: मूल गेले आहे आणि फोन दर आठवड्याला सांगतो आहे की आता तुमचे बाळ मान धरू लागेल. गावाकडे ही नोंद बदलायची कुणी, हा प्रश्न बैठकीत कुणीतरी आधीच विचारायला हवा.

अलीकडे या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला आहे. इथे मी सरसकट नकार देत नाही. केनियातली ‘प्रॉम्प्ट्स’ ही सेवा स्त्रियांनी लिखित संदेशातून विचारलेले प्रश्न यंत्राच्या मदतीने तातडीनुसार वेगळे करते, आणि रक्तस्राव किंवा तीव्र डोकेदुखीसारखे काही दिसले की मदतकक्षातली माणसे पुढची सूत्रे हाती घेतात. भारतात ‘अरमान’ या संस्थेने गूगलच्या संशोधकांबरोबर वेगळ्याच प्रश्नावर काम केले: ध्वनिसंदेश ऐकणे सोडून देण्याच्या बेतात असलेल्या हजारो स्त्रियांपैकी कुणाला प्रत्यक्ष फोन केला तर सर्वाधिक उपयोग होईल, कारण फोन करणाऱ्या माणसांची संख्या मर्यादित आहे. दोन्ही ठिकाणी यंत्राचे काम माणसाचा अपुरा वेळ नेमका कुठे खर्च करावा हे सुचवण्याचे आहे, आणि शेवटी स्त्रीशी बोलतो तो माणूसच. प्रश्नाला उत्तर देऊन यंत्रच मोकळे होते आणि मागे कुणीच नाही, अशा व्यवस्थेवर, विशेषतः जिथे दवाखाना चार तासांच्या अंतरावर आहे तिथे, माझा भरवसा बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये डिजिटल आरोग्यसेवांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दहा शिफारशी आहेत. लक्ष्यगटाला संदेश पाठवणे, कार्यकर्तीला निर्णयात मदत करणारी साधने, औषधसाठ्याची सूचना फोनवरून देणे या सगळ्यांना मान्यता आहे, पण जवळजवळ प्रत्येकीला अट जोडलेली आहे. गोपनीयतेची काळजी घेतली असेल तर. कार्यकर्तीच्या कामाच्या कक्षेत बसत असेल तर. आणि मुळात चालू स्थितीतली आरोग्यव्यवस्था असेल तर. अटींसकट शिफारस वाचणे कंटाळवाणे असते, म्हणून बहुतेक ठिकाणी शिफारशी पोहोचल्या आणि अटी मागे राहिल्या.

त्याआधी, २०१२ च्या सुरुवातीला, युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने तर देशातल्या नव्या मोबाइल-आरोग्य प्रकल्पांना स्थगितीच दिली होती. इतके प्रायोगिक प्रकल्प झाले होते की कोणते कुठे चालू आहेत, कोणते एकमेकांशी जोडलेले आहेत आणि संपल्यावर कोण चालवणार, याचा मेळ लागत नव्हता. एकाच भागातल्या कार्यकर्तीला दोन संस्थांचे दोन फोन सांभाळायला लागणे ही त्या काळातली विनोदी वाटणारी पण खरी स्थिती होती. मंत्रालयाचा तो निर्णय तेव्हा प्रगतीविरोधी म्हणून टीकेला पात्र ठरला. आज मागे वळून पाहता तो मला जबाबदार निर्णय वाटतो.

कोणी मला ग्रामीण मातांसाठीच्या नव्या ॲपचे सादरीकरण दाखवले, तर मी आता पडदे फार पाहत नाही. रात्री दोन वाजता या क्रमांकावर फोन केला तर कोण उचलते, त्या व्यक्तीला गाडी पाठवण्याचा अधिकार आहे का, गाडीचे भाडे कोणत्या खात्यातून जाते आणि अनुदान संपल्यावर पुढच्या वर्षी ते कोण भरणार, एवढेच विचारते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अलीकडे बऱ्याच वेळा मिळतात. चौथ्याला उत्तर देण्यासाठी त्या खोलीत सरकारच्या अर्थखात्याचे कुणीतरी असावे लागते, आणि त्यांना अजून क्वचितच बोलावलेले असते.